वाइनचे आस्वादन आणि वर्णन : नाशिकचे द्राक्षमळे, दातिवऱ्याचा किनारा व मराठीची रसवाचक शब्दसंपदा

गोषवारा

वाइनचे आस्वादन ही केवळ चैनीची बाब नसून तिच्यामागे रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल आणि भाषाशास्त्र यांचा आधार असलेली एक निरीक्षणपद्धती आहे. महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत वाइन उद्योग उभा राहिला; परंतु वाइनचे वर्णन करण्याची भाषा मात्र जशीच्या तशी आयात झाली. प्रस्तुत लेखात आस्वादनाची प्रक्रिया, प्रदेशानुसार वाइनमध्ये पडणारे भेद, परकीय वर्णनसंज्ञांचे मराठीकरण करताना होणाऱ्या चुका आणि पालघर जिल्ह्यातील दातिवरे ते बोर्डी या किनारपट्टीवरील फळे व पेये यांच्या आधारे मराठी वर्णनभाषा घडविण्याच्या शक्यता यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : आस्वादन, रस, गंध, तुरटपणा, प्रदेशगुण, ताडी, वर्णनसंज्ञा

१. प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. तत्पूर्वी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फसफसणाऱ्या वाइनचे उत्पादन सुरू झाले होते आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिकजवळ सुला या उद्योगाने सोविन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाणांची लागवड केली व २००० मध्ये आपली पहिली वाइन बाजारात आणली. पुढे दिंडोरी, गंगापूर परिसर, तसेच सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथपर्यंत हा उद्योग पसरला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक उपदर्शनही प्राप्त झाले.

या उद्योगात द्राक्ष पिकविणारा शेतकरी मराठी बोलतो, छाटणी करणारा मजूर मराठी बोलतो, कारखान्यातील तंत्रज्ञ बहुधा मराठी माध्यमातून शिकलेला असतो. असे असूनही तयार झालेल्या वाइनचे वर्णन मात्र ज्यांनी गूजबेरी किंवा ब्लॅककरंट ही फळे कधी झाडावर पाहिली नाहीत, अशा व्यक्तींना त्याच फळांच्या नावांनी करावे लागते. ज्या वस्तूचा अनुभव नाही तिच्या नावाने केलेले वर्णन हे पाठांतर ठरते, निरीक्षण ठरत नाही. अन्नतंत्र, कृषी, पर्यटन, गृहविज्ञान आणि भाषा या विषयांच्या अध्यापकांपुढे त्यामुळे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : इंद्रियानुभवाचे शिक्षण अनुभवाबाहेरच्या शब्दांतून देता येईल काय?

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) आस्वादनाच्या शास्त्रीय प्रक्रियेचा परिचय करून देणे.
(२) प्रदेश आणि वाइन यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.
(३) वर्णनसंज्ञांच्या भाषांतरातील दोष दाखविणे.
(४) स्थानिक अनुभवावर आधारलेल्या मराठी संज्ञा सुचविणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा त्याचा हेतू नाही. मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यावसायिक आस्वादक वाइन गिळत नाहीत, तोंडात घोळवून थुंकून टाकतात, ही बाबही येथे लक्षात ठेवावी.

३. प्रदेशनाम आणि मद्य : भारतीय परंपरेतील उल्लेख

वाइन तिच्या प्रदेशाच्या नावाने ओळखण्याची पद्धत युरोपीय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रान्समध्ये बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन ही प्रदेशांचीच नावे आहेत, हे खरे. तथापि ही कल्पना भारतीय ग्रंथांना अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ असे म्हटले असून त्याची ओळख उत्पत्तिस्थानावरून होते असे सांगून ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ असे दोन प्रकार दिले आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘कापिशी’ या स्थलनामापासून ‘कापिशायन’ हा शब्द साधणारे स्वतंत्र सूत्र आहे आणि टीकाकारांनी त्याची उदाहरणे मद्य व द्राक्ष हीच दिली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्य, फळे, मुळे, फुले, साखर इत्यादींपासून होणाऱ्या ८४ आसवांची गणना आहे. उगमद्रव्य आणि उगमस्थान या दोन निकषांवर पेयांचे वर्गीकरण करण्याची दृष्टी आपल्या परंपरेत होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

‘आस्वाद’ हा शब्दही येथे विचारार्ह आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावून देताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाच्या सेवनाचा दृष्टान्त घेतला आहे. पाकशाळेतून निघालेला हा शब्द साहित्यविचारात स्थिरावला आणि मराठीत ‘आस्वादक समीक्षा’ ही संज्ञा रूढ झाली. वर्णन आणि मूल्यमापन यांत भेद करणे, आपल्या प्रतिक्रियेचे कारण कलाकृतीत शोधणे, ही जी शिस्त साहित्याचा अध्यापक विद्यार्थ्यास लावतो, तीच शिस्त वाइनच्या आस्वादकालाही लागते. ‘छान आहे’ हे मूल्यविधान होय. ‘आंबटपणा तीव्र असून तो अखेरपर्यंत टिकतो’ हे वर्णन होय.

४. आस्वादनाची प्रक्रिया

आस्वादन रूप, गंध, रस व स्पर्श या क्रमाने केले जाते. त्यासाठी वापरावयाच्या पेल्याचा आकारही प्रमाणित आहे. १९७७ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो खाली फुगीर व तोंडाशी निमुळता असतो, त्यामुळे गंध वरच्या भागात साठून राहतो.

४.१ रूप : पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहतात. तांबड्या वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. कोवळी वाइन जांभळट, तर मुरलेली वाइन विटकरी दिसते. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होत सोनेरी व पुढे तपकिरी होते. रंगाचा प्रभाव मात्र फसवा असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन तांबडा रंग मिसळलेली पांढरी वाइन देण्यात आली. तिचा गंध वर्णिताना त्यांनी तांबड्या वाइनसाठीच वापरले जाणारे शब्द योजले. डोळ्यांनी आधीच दिलेला निर्णय नाकाने मान्य केला, असा याचा अर्थ होतो.

४.२ गंध : आपण ज्याला सामान्यतः ‘चव’ म्हणतो त्यातील फार मोठा भाग वस्तुतः गंध असतो. घास तोंडात असताना त्याचा वास घशाच्या मागील बाजूने नाकात पोहोचतो. सर्दीने नाक चोंदले असता जेवण बेचव लागते ते यामुळेच. म्हणून आस्वादक वाइन प्रथम स्थिर पेल्यात, नंतर पेला गोल फिरवून आणि शेवटी तोंडात घेतल्यावर अशी तीनदा हुंगतो.

४.३ रस : जिभेचे टोक गोड, कडा आंबट व मागील भाग कडू ओळखतो, असा नकाशा अनेक पाठ्यपुस्तकांत छापला गेला. तो १९०१ च्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून निर्माण झाला असून आज तो अमान्य आहे. जिभेच्या सर्व संवेदनशील भागांना सर्व मूलभूत चवी कळतात. आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी वर्णिलेली उमामी अशा पाच चवी मानते. आयुर्वेदाचे षड्रस म्हणजे मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. येथे एक भाषिक सावधगिरी आवश्यक आहे. संस्कृतातील ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीचा ‘कडू’ हा शब्द मात्र ‘कटु’पासून आला. जुन्या ग्रंथांचा आधार घेऊन परिभाषा घडविताना या अदलाबदलीमुळे अर्थाचा अनर्थ होऊ शकतो.

४.४ स्पर्श : तिखट आणि तुरट यांना आधुनिक शास्त्र चव न मानता त्वक्‌संवेदना मानते. तुरटपणा टॅनिनमुळे येतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांशी बांधले जाते, लाळेचा ओशटपणा नाहीसा होतो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. तांबड्या वाइनच्या वर्णनात हा गुण मध्यवर्ती आहे. इंग्रजी बोलणाऱ्यास तो समजावून द्यावा लागतो. मराठी माणसाला कच्चे केळे, सुपारी, कात, हिरडा यांच्यामुळे तो बालपणापासून ठाऊक असतो. याबाबतीत आपली भाषा अधिक समृद्ध आहे, हे अध्यापकांनी आवर्जून सांगावयास हवे.

यांखेरीज वाइनचा भरीवपणा, मद्यार्काची ऊब आणि घोट संपल्यावर मागे रेंगाळणारी चव यांची नोंद केली जाते.

५. प्रदेशाचा गुण कोठून येतो?

फ्रेंच भाषेत माती, उतार, हवामान आणि लागवडीची रीत यांच्या एकत्रित परिणामास ‘तेर्वार’ म्हणतात. आपल्याकडील ‘वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण आणि गुण यांचा जो भेद केला आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो. वाण तोच असला तरी प्रदेशाचा गुण निराळा लागतो.

याचे मुख्य कारण तापमान होय. द्राक्ष पिकत असताना साखर वाढते आणि आम्ल घटते. उष्ण प्रदेशात ही क्रिया वेगाने होते, विशेषतः मॅलिक आम्ल झपाट्याने कमी होते. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातील सोविन्यो ब्लाँ म्हणूनच अधिक आंबट, सडपातळ व हिरवट गंधाची असते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात तिचा फळगंध उसळून येतो. ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातील सिराह मिरीच्या गंधाची व आटोपशीर असते, तर ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात हाच वाण शिराझ या नावाने दाट, पिकलेल्या फळांची व उबदार वाइन देतो.

महाराष्ट्राची स्थिती या सर्वांहून वेगळी आहे. युरोपात वेल हिवाळ्यात निद्रिस्त होते आणि पीक शरद ऋतूत येते. आपल्याकडे खरी निद्रावस्था येत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळ हिवाळ्यात वाढते आणि साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात काढणी होते. म्हणजे दिवस उत्तरोत्तर उष्ण होत असताना द्राक्ष पिकते. आंबटपणा टिकविण्यासाठी वेळेवर काढणी करणे, द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडणे आणि रस त्वरित थंड करणे या गोष्टींना त्यामुळे येथे विशेष महत्त्व आहे. नाशिकच्या वाइनमध्ये जो पिकलेल्या फळांचा गंध आढळतो त्याचा उगम या ऋतुचक्रात आहे.

तापमानाचा प्रश्न पेल्यापर्यंत येऊन पोहोचतो. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते तापमान जुन्या युरोपीय घरांतील, म्हणजे सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअस होय. दातिवरे किंवा तारापूरच्या किनाऱ्यावरील मे महिन्यातील खोली तिच्या जवळपासही नसते. ३२ अंशांना दिलेल्या वाइनमध्ये मद्यार्काचा झणका वर येतो आणि फळगंध दबतो. सूचना शब्दशः पाळली, पण तिचा संदर्भ हरवला, असे हे उदाहरण आहे. पांढऱ्या वाइनसाठी सुमारे ८ ते १२ अंश योग्य मानले जातात.

६. वर्णनसंज्ञांचे भाषांतर : चार सापळे

१९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अॅन नोबल यांनी वाइनचे ‘गंधचक्र’ तयार केले. फळ, फूल, मसाला, वनस्पती, काष्ठ, माती इत्यादी १२ मुख्य गट मध्याशी आणि विशिष्ट पदार्थांची नावे परिघावर, अशी त्याची रचना आहे. ‘उमदी’, ‘राजस’ यांसारखी मोघम विशेषणे टाळून प्रत्यक्ष दाखविता येईल अशाच वस्तूंची नावे घ्यावीत, हे त्यामागील तत्त्व होय. तत्त्व सार्वत्रिक आहे. नावे मात्र स्थानिक आहेत. ती कोशाच्या साहाय्याने मराठीत आणली असता पुढील दोष उद्‌भवतात.

पहिला सापळा गूजबेरीचा. सोविन्यो ब्लाँच्या वर्णनात हे फळ हमखास येते. कोशात त्याचा अर्थ ‘आवळा’ असा मिळतो. परंतु युरोपातील गूजबेरी आणि आपला आवळा यांचा वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. आवळा तीव्र तुरट आहे आणि सोविन्यो ब्लाँमध्ये तुरटपणा जवळजवळ नसतोच. विद्यार्थी जो गुण शोधू लागेल तो तेथे मिळणारच नाही. याउलट, या वाइनचा फळगंध ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो त्यांपैकी काही संयुगे पेरूतही आढळतात. ‘पिकलेला पेरू’ हे वर्णन म्हणूनच केवळ सोयीचे नसून रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही रास्त आहे.

दुसरा सापळा ब्लॅककरंटचा. कॅबर्ने सोविन्योच्या वर्णनातील हे फळ ‘काळी मनुका’ असे भाषांतरित होते. ब्लॅककरंट हे युरोपातील एक ताजे, आंबट-गोड, उग्र गंधाचे फळ आहे. मनुका म्हणजे वाळलेले द्राक्ष. वाइनला मनुक्याचा गंध येतो असे म्हणणे म्हणजे द्राक्षे वेलीवर अतिपक्व झाली होती असे म्हणणे. हे वर्णन राहत नाही, दोषनिर्देश होतो.

तिसरा सापळा ‘पेपर’ या शब्दाचा. इंग्रजीत तो मिरी आणि ढोबळी मिरची या दोहोंसाठी चालतो. कॅबर्ने सोविन्योतील हिरवट गंध ढोबळ्या मिरचीचा असून तो मेथॉक्सिपायराझिन या संयुगांचा आहे. शिराझमधील गंध काळ्या मिरीचा असून त्याचे कारण असलेले रोटंडोन हे संयुग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये निश्चित केले. त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के व्यक्तींना हे संयुग हुंगताच येत नसल्याचे दिसून आले. मिरीचा गंध न जाणवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘लक्ष नाही’ म्हणून दोष देण्यापूर्वी ही गोष्ट अध्यापकाने जाणून घ्यावी.

चौथा सापळा ‘ड्राय’ या संज्ञेचा. तिचे ‘कोरडी’ असे भाषांतर सर्रास केले जाते. वाइनच्या परिभाषेत ड्राय म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी. मराठी वाचकाला ‘कोरडी’ या शब्दाने तोंड कोरडे पडणे, म्हणजे तुरटपणा, सूचित होतो. दोन स्वतंत्र गुणांची येथे गल्लत होते. ‘बिनगोड’ हा साधा शब्द अधिक अचूक आहे.

७. दातिवरे ते बोर्डी : अनुभवाचा स्थानिक कोश

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या पश्चिमेस, वैतरणेच्या मुखावरील दातिवऱ्यापासून एडवण, केळवे, माहीम, तारापूर, चिंचणी, डहाणू यांवरून बोर्डीपर्यंत वाड्यांची एक सलग किनारपट्टी आहे. येथे द्राक्ष पिकत नाही. परंतु वाइनच्या वर्णनास लागणारे जवळजवळ सर्व गुण येथील माणसाच्या जिभेला परिचित आहेत.

७.१ ताडी : या किनाऱ्यावरील ताडाच्या झाडांपासून नीरा व ताडी मिळते, माडापासून मिळते ती माडी आणि शिंदीच्या झाडापासून मिळते ती शिंदी. तीन झाडांच्या तीन पेयांस तीन नावे देणारी ही भाषा वाणभेदाविषयी उदासीन नव्हती, हे उघड आहे. झाडाच्या पोयीतून झिरपणारा गोड रस मडक्यात पडताच हवेतील व मडक्यातील किण्व आणि जिवाणू त्यावर काम करू लागतात. मडक्यास आतून चुना लावल्यास ही क्रिया रोखली जाते आणि नीरा गोड राहते. चुना नसेल तर काही तासांतच साखरेचा मद्यार्क व लॅक्टिक आम्ल बनू लागते आणि अधिक काळ गेल्यास ॲसेटिक आम्ल होऊन शिरका तयार होतो. वाइनमध्ये जे परिवर्तन महिने व वर्षे घेते ते येथे सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीत घडते. किण्वनाचे शिक्षण देण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या संदर्भात मराठीतील एक सूक्ष्म भेद मोलाचा आहे. ‘आंबवलेले’ आणि ‘आंबलेले’ यांत केवळ एका अक्षराचे अंतर आहे. परंतु पहिल्यात हेतुपूर्वक केलेली क्रिया आहे आणि दुसऱ्यात आपोआप झालेला बिघाड. इडलीचे पीठ आंबवतात, भाजी आंबते. नियंत्रित किण्वन आणि नासणे यांतील संपूर्ण फरक या प्रयोजक प्रत्ययात सामावला आहे.

ताडीत रासायनिक भेसळ करण्याचे प्रकार महाराष्ट्रात वेळोवेळी उघडकीस आले असून ते प्राणघातक ठरू शकतात. चवीचे ज्ञान हे प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय होऊ शकत नाही, हे विद्यार्थ्यांना निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

७.२ चिकू : डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. बोर्डी येथे चिकूपासून फळवाइन तयार करण्याचा उद्योगही उभा राहिला आहे. आस्वादनाच्या दृष्टीने चिकू हे द्राक्षाच्या उलट टोकाचे फळ आहे. द्राक्षरसाचा सामू साधारणतः ३ ते ४ च्या दरम्यान असतो. चिकूत आम्ल अत्यल्प असते. आंबटपणाच्या अभावी गोडी बोजड लागते. कच्चा चिकू चिकट व तुरट, पिकलेला मऊ, रवाळ व पाकातल्या गुळासारखा. एकाच फळाच्या दोन अवस्थांत टॅनिनचा ऱ्हास प्रत्यक्ष चाखता येतो.

७.३ जांभूळ, चिंच, नारळ : पालघर तालुक्यातील बहाडोलीचे जांभूळ प्रसिद्ध आहे. जांभळाचा रंग तांबड्या वाइनप्रमाणेच अँथोसायनिनचा असून त्याचा तुरटपणाही टॅनिनचाच आहे. शिराझच्या वर्णनात ‘जांभूळ’ हा शब्द त्यामुळे रंग, गंध व स्पर्श या तिन्ही अंगांनी सार्थ ठरतो. द्राक्षातील प्रमुख आम्ल म्हणजे टार्टारिक. चिंचेतील प्रमुख आम्लही तेच. ओक लाकडाच्या, विशेषतः अमेरिकी ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला ओक लॅक्टोन या संयुगामुळे खोबऱ्याचा गंध येतो, तर ओकमधील युजेनॉल लवंगेची आठवण करून देते. नारळाच्या वाडीत वाढलेल्या विद्यार्थ्याला हा गंध शिकवावा लागत नाही, केवळ दाखवून द्यावा लागतो.

८. दोषवाचक व स्पर्शवाचक मराठी संज्ञा

गंधासाठी स्वतंत्र शब्द भाषेत असतील तर गंध ओळखणे सुलभ होते, असे दिसते. मलाया द्वीपकल्पातील जहाय भाषकांना गंधाचे नाव रंगाच्या नावाइतक्याच सहजपणे सांगता येते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. इंग्रजी भाषकांना ते जमले नाही. मराठीत अशी वस्तुनिरपेक्ष गंधविशेषणे पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक वाइनच्या ज्ञात दोषांशी जुळतात.

बुचातील ट्रायक्लोरोअॅनिसोलमुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ‘कुबट’. अपक्व द्राक्षांचा वास ‘हिरवट’. मातीची छटा असेल तर ‘मातकट’. पिंप आतून अधिक भाजले गेल्यास येणारी छटा ‘धुरकट’ किंवा ‘करपट’. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यातील ताकाप्रमाणे धातूची चव उतरली असेल तर ‘कळकलेली’. आम्ल कमी असेल तर ‘मिळमिळीत’, दाटपणा कमी असेल तर ‘पाणचट’, काहीच विशेष नसेल तर ‘सपक’. आम्ल प्रखर असेल तर आपण ‘दात आंबले’ म्हणतो. सुखद असेल तर ‘तोंडाला पाणी सुटते’. हे तर आम्लाने वाढलेल्या लाळेचे शब्दशः शास्त्रीय वर्णन आहे. तुरटपणाच्या प्रतीसाठी ‘मुलायम’, ‘रवाळ’, ‘खरखरीत’ हे वस्त्र आणि पीठ यांच्या स्पर्शातून आलेले शब्द उपलब्ध आहेत.

या शब्दांच्या आधारे नमुन्यादाखल दोन वर्णने अशी करता येतील. उष्ण प्रदेशातील बिनगोड सोविन्यो ब्लाँ : ‘फिकट पोपटी-पिवळी, पिकलेल्या पेरूचा गंध, मागे ढोबळ्या मिरचीची हिरवट छटा, आंबटपणा तोंडाला पाणी आणणारा, तुरटपणा नाही, अंगाने हलकी, चव थोडा वेळ रेंगाळणारी.’ पिंपात मुरलेली शिराझ : ‘जांभळट तांबडी, जांभूळ, काळी मिरी, मागाहून खोबरे व लवंग, तुरटपणा रवाळ, अंग भरीव, घशाशी ऊब, अखेरीस किंचित धुरकट.’ यातील प्रत्येक शब्द पालघरमधील विद्यार्थ्याला पडताळून पाहता येतो. वर्णन शास्त्रीय ठरण्यासाठी हीच अट महत्त्वाची आहे.

आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रमाण इंग्रजी संज्ञा आवश्यक आहेत, हा आक्षेप ग्राह्य आहे. तथापि स्थानिक संज्ञा त्यांची जागा घेण्यासाठी नसून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची पायरी म्हणून सुचविल्या आहेत. पेरू ओळखणारा विद्यार्थी पुढे गूजबेरीचा अर्थ समजू शकेल. केवळ शब्द पाठ करणाऱ्याला दोन्ही ओळखता येणार नाहीत.

९. महाविद्यालयीन अध्यापनासाठी सूचना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे वय आणि महाराष्ट्रातील दारूबंदी अधिनियमाच्या तरतुदी लक्षात घेता वर्गात मद्याचा वापर सर्वथा अनुचित होय. त्याची गरजही नाही.

(१) कोरा चहा दोन मिनिटे व दहा मिनिटे उकळून तुरटपणाच्या दोन पातळ्या दाखवाव्यात.
(२) चिंचेचे पाणी, लिंबूपाणी आणि ताक यांच्या साहाय्याने टार्टारिक, सायट्रिक व लॅक्टिक आम्लांचा भेद चाखवावा.
(३) त्रिकोणी चाचणी घ्यावी. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच सरबत व तिसऱ्यात किंचित वेगळे असावे आणि वेगळा पेला ओळखावयास सांगावे. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता एक तृतीयांश असते. १२ जणांपैकी चौघे योगायोगानेही बरोबर येऊ शकतात. ५ टक्के सार्थकता पातळीवर किमान ८ अचूक उत्तरे हवीत. संख्याशास्त्राच्या अध्यापकांस हा प्रयोग विशेष उपयुक्त वाटेल.
(४) मराठी विभागाने परिसरातील रस-गंध-स्पर्शवाचक शब्दांचे संकलन हा प्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावा. वाडवळी, मांगेली, वारली आदी बोलींतील असे शब्द वयोवृद्धांबरोबर लोप पावण्यापूर्वी नोंदले जाणे निकडीचे आहे.

१०. निष्कर्ष

वाइनचा प्रदेशगुण हा तापमान, ऋतुचक्र, वाण आणि माणसाची रीत यांतून घडतो व तो रसायनशास्त्राच्या आधारे तपासता येतो. त्याचे वर्णन मात्र वर्णन करणाऱ्याच्या प्रदेशातूनच येते. कोशाधारित भाषांतराने गूजबेरीचा आवळा आणि ब्लॅककरंटची मनुका होते, आणि शिकणाऱ्याचा आपल्या जिभेवरील विश्वास उडतो. दातिवरे ते बोर्डी या किनाऱ्यावरील ताडी, चिकू, जांभूळ, चिंच व नारळ यांच्या अनुभवातून घडलेली मराठी रसवाचक भाषा ही उणीव भरून काढण्यास समर्थ आहे. कुबट, कळकलेले, रवाळ, मिळमिळीत हे शब्द आज घराघरांत वापरात आहेत. ते प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आणणे हे अध्यापकांचे काम आहे. आपल्या अनुभवाला आपल्या भाषेत अचूक नाव देण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागेल, तो केवळ वाइनचाच नव्हे, कोणत्याही वस्तूचा अधिक प्रामाणिक निरीक्षक होईल.